मंडळीतलं ऐक्य आणि वेगळेपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव आणि पलीकडे कराड-सातारा इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या, म्हणजे चर्चच्या समुदायांतल्या, भावाबहिणींकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उपासना सुटल्यावर दारात चपला घालता घालता विचारलेले आहेत, बरेचसे व्हॉट्सॲपवर आलेले. उत्तरं देणारा सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेला आणि पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, काम केलेला आहे. ही कोणत्याही चर्चची अधिकृत भूमिका नाही. तुमच्याकडचा नियम वेगळा असेल तर पाळकसाहेबांना किंवा फादरना विचारा.

१. मंडळीत ऐक्य म्हणजे नेमकं काय? सगळ्यांचं एकमत व्हायलाच हवं का?

नाही. बायबलमधल्या करिंथच्या मंडळीत ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’, ‘मी केफाचा’ असे गट पडले होते. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून फटकारलं, पण सगळे एकाच साच्याचे व्हा असं सांगितलं नाही. त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो शरीर आणि अवयवांबद्दल लिहितो. डोळा हाताला ‘मला तुझी गरज नाही’ असं म्हणू शकत नाही, हे आपल्याला पाठ असतं. त्याच्या लगेच पुढे तो म्हणतो की जे अवयव दुबळे वाटतात तेच जास्त आवश्यक आहेत. ते वाक्य मात्र आपण घाईने ओलांडतो.

मी एक साधी गोष्ट पाहतो. कमिटीत ज्याचा ठराव पडला, तो माणूस पुढच्या रविवारी त्याच बाकावर येऊन बसतो का? आणि बाजूचा सरकून त्याला जागा देतो का?

२. तक्रार करणारे मंडळीत फूट पाडतात असं म्हणतात. हे खरं आहे का?

बायबलमध्ये तरी तसं दिसत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ उघडा. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली. ‘प्रार्थना करा, मनात कडवटपणा ठेवू नका’ असं सांगून प्रेषितांना ती मिटवता आली असती. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या बाजूने तक्रार आली होती, वाटपाचं काम त्यांच्याच माणसांच्या हाती गेलं. त्यानंतर लगेचच मंडळी वाढत गेल्याचं लिहिलं आहे.

आता आपल्याकडचं नाताळचं जेवण आठवा. पहिल्या पंगतीला पाहुणे, कमिटीचे सभासद आणि त्यांची घरं. शेवटच्या पंगतीला बिर्याणीतला नुसता भात आणि पातळ रस्सा उरतो. त्या पंगतीत कोण बसतं? दरवर्षी त्याच वस्तीतली माणसं, कारण ती लांबून चालत येतात आणि आल्यावर त्यांना सतरंज्या अंथरायला लावलेलं असतं. ‘सगळ्यांना पुरेल असं बघा’ हे सांगून हा प्रश्न सुटत नाही. पुढच्या वर्षी स्वयंपाकाची आणि वाढपाची जबाबदारी त्याच वस्तीतल्या मावश्यांकडे द्या. त्यांना किराणा आणायचे पैसे द्या आणि यादी त्यांनाच करू द्या. ऐक्याविषयी मला जे काही म्हणायचं आहे ते बहुतेक सगळं या एका अध्यायात आहे, म्हणून खाली प्रश्न ७ मध्ये मी तुम्हाला इथेच परत पाठवणार आहे.

३. देव एकच, मग सांगली-मिरजेत चर्चच्या पाट्या इतक्या वेगवेगळ्या का?

मिशनरी वेगवेगळ्या संस्थांकडून आले म्हणून. सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये दवाखाना उभारला, तो याच मिशनचा. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन होतं. त्याचं काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि त्याची परंपरा काँग्रिगेशनल. एकाच कृष्णाकाठी दोन तऱ्हांची कारभारपद्धत रुजली: साताऱ्याकडे मंडळी स्वतःचं स्वतः ठरवायची, सांगलीकडे वडीलवर्गाच्या (मंडळीने नेमलेल्या पुढाऱ्यांच्या) सभेला जास्त अधिकार होता.

उत्तर भारतातल्या या दोन परंपरांच्या मंडळ्या १९२४ मध्ये एकत्र आल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरेन आणि डिसायपल्सही होते. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट मात्र शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. कॅथलिक, पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या आपापल्या वाटेने वाढल्या.

तेव्हा पाट्या अनेक असणं हे एकट्या भांडणाचं फळ नाही. आणि त्या कमी करायचे प्रयत्नही झालेले आहेत, हे आपल्या तरुणांना सांगायला हवं.

४. मी कॅथलिक, नवरा सी.एन.आय.चा. लग्न, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) आणि मुलं, कसं करायचं?

लग्नाआधीच बोला. कॅथलिक व्यक्तीला दुसऱ्या पंथाच्या बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपांची परवानगी लागते. आपला विश्वास टिकवीन आणि मुलांना कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा व शिक्षण मिळावं म्हणून शक्य ते करीन, असं वचनही द्यावं लागतं. या वचनाची जोडीदाराला माहिती देणं बंधनकारक आहे. साखरपुडा झाल्यावर हे कळलं की दोन्ही घरांत वाद पेटतात.

मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, सामान्यतः कॅथलिकांनाच दिलं जातं. सी.एन.आय.मध्ये इतर मंडळ्यांच्या प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांचं सहसा स्वागत होतं, पण कॅथलिक चर्च आपल्या माणसांना तिथे ते घ्यायला परवानगी देत नाही. म्हणजे एका टेबलाशी तुम्ही दोघं अजून एकत्र येऊ शकत नाही. हे दुःख खरं आहे आणि ते कोणी हलकं करून सांगू नये. बाप्तिस्म्याबाबत मात्र अडचण नाही: पाण्याने, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं. तुम्हा दोघांपैकी कोणालाही तो परत घ्यावा लागत नाही.

५. सासूबाई म्हणतात बाळाचा बाप्तिस्मा करा, माझे आईवडील म्हणतात मोठा झाल्यावर तो स्वतः घेईल. बरोबर कोण?

दोन्ही बाजूंना शतकानुशतकांचा आधार आहे. १९७० च्या एकीकरणात बाप्टिस्ट आणि ब्रदरेनही आले, म्हणून सी.एन.आय.ने दोन्ही पद्धती मान्य ठेवल्या: लहानपणी बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण (समजत्या वयात स्वतः विश्वास जाहीर करणं), किंवा लहानपणी फक्त समर्पण आणि समजत्या वयात बाप्तिस्मा. तुम्ही नवराबायकोने ठरवा आणि दोन्ही आजी-आजोबांना त्या दिवशी पुढच्या बाकावर बसवा. लहानपणी झालेला बाप्तिस्मा ‘खरा नव्हता’ असं कोणी सांगून परत घ्यायला लावत असेल, तर आधी आपल्या पाळकांशी बोला.

६. तरुणांना कीबोर्ड-ड्रम हवेत, जुन्या लोकांना टाळ-मृदंग आणि पेटी. रोज वाद. काय करावं?

टाळ-मृदंगाला ‘हिंदूंचं’ म्हणणाऱ्यांना आधी एवढंच सांगा: आपल्या साताऱ्यातच रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. भजन-कीर्तनातून ख्रिस्ताची भक्ती करता येते हे मराठी मंडळ्यांना दाखवणाऱ्यांत ते अग्रभागी होते. वारीच्या वाटेवरच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्या माणसांच्या कानाला ती चाल घरची वाटते. आणि पेटीसुद्धा मूळची परदेशीच, हे कीबोर्डला नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

‘एक रविवार तुमचा, एक आमचा’ ही वाटणी मला पटत नाही. तशाने मंडळीच्या दोन मंडळ्या होतात. एकाच उपासनेत दोन्ही असू द्या आणि मुख्य म्हणजे एकमेकांना शिकवा. मृदंग वाजवणाऱ्या आजोबांच्या शेजारी एखादा पोरगा बसवला, तर सहा महिन्यांत वाद निम्मा होतो. आवाजाची पातळी मात्र कमिटीने ठरवावी. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना मोठ्या ड्रममध्ये उपदेशही नीट कळत नाही.

७. मंडळीत जात नाही म्हणतात, पण सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोणते?’ हे विचारतातच. याला काय म्हणायचं?

पाप म्हणायचं. याला मवाळ शब्द मी वापरणार नाही.

आपल्या भागातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांचे पूर्वज महार आणि मांग समाजातून आले, थोडे इतर जातींतून. बाप्तिस्मा घेताना त्यांनी ज्या गोष्टीचा भार टाकला, तीच आपण बायोडाटातून, कुजबुजीतून आणि आडनावांच्या हिशेबातून परत उचलून घरात आणतो. पेत्र अंत्युखियात विदेशी (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता आणि यरुशलेमेची माणसं आल्यावर त्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर सुनावलं (गलतीकरांस पत्र, अध्याय २). पेत्रासारख्या प्रेषिताला जे सुनावलं गेलं, ते आपल्या कमिटीच्या चिटणिसांनाही सुनावता आलं पाहिजे.

नुसत्या उपदेशाने हे जात नाही. मागच्या काही वर्षांतल्या कमिटी सभासदांची नावं एका कागदावर लिहा आणि कोणत्या वस्तीतलं एकही नाव त्यात नाही ते पाहा. घरसभा कुठे होते आणि कुठे कधीच होत नाही ते पाहा. कोणाच्या घरी चहा न घेता ‘उशीर झाला’ म्हणून लोक उठतात तेही पाहा. मग प्रश्न २ मधला उपाय करा. तरुण-तरुणी या भिंती ओलांडून लग्न ठरवत असतील तर पाळकांनी आणि वडीलवर्गाने उघडपणे त्यांच्या बाजूला उभं राहावं, घरच्यांची समजूत काढायला त्यांच्या घरी जावं.

८. आमच्या कागदपत्रांवर अजून ‘हिंदू’ आणि जुनी जात आहे. मंडळीतले काही जण टोमणे मारतात. आम्ही खोटे ख्रिस्ती आहोत का?

टोमणे मारणाऱ्यांनी आधी कायदा समजून घ्यावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो आजही नाही. एकाच आजोबांच्या दोन नातवांपैकी एकाला शिष्यवृत्ती मिळते, दुसऱ्याला फक्त धर्मामुळे नाही. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध ख्रिस्ती संघटना अनेक वर्षं न्यायालयात आणि रस्त्यावर भांडत आहेत.

पण तुमच्याशीही सरळ बोलतो. बाप्तिस्मा घेऊन नियमित उपासनेला जात असताना हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दावा करणं कायद्यात टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशाच एका प्रकरणात दावा फेटाळला. कोणत्याही प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. मंडळीला माझं सांगणं इतकंच की गरिबीने कोंडलेल्या घराला हिणवू नका. त्यांच्या मुलांच्या फीचं काय करता येईल ते बघा.

९. केरळ, तामिळनाडू, ईशान्येकडून नर्सिंगची मुलंमुली आणि नोकरदार येतात. त्यांना मराठी कळत नाही. वेगळी उपासना ठेवावी का?

महिन्यातून एकदा हिंदी किंवा इंग्रजी उपासना जरूर ठेवा. मातृभाषेतल्या प्रार्थनेची भूक वेगळीच असते. पण मुख्य उपासनेतूनही त्यांना बाहेर ठेवू नका: एखादं वाचन मल्याळममधून होऊ द्या, उपदेशाचा सारांश दोन ओळींत हिंदीत सांगा. मिरजेपासून कर्नाटकाची हद्द अगदी जवळ आहे. आपल्या कित्येक घरांत आजीशी कानडीतच बोलतात, तेव्हा दोन भाषा एका छताखाली नांदणं आपल्याला नवीन नाही. आणि रविवारी दुपारी वसतिगृहातल्या एका मुलीला तरी घरी जेवायला न्या.

१०. कापणीच्या सणाच्या लिलावात पैसेवालेच बोली लावतात. बाकीच्यांना कमीपणा वाटतो. लिलाव बंद करावा का?

बंद करू नका असं माझं मत आहे, कारण तो आपल्या मंडळ्यांचा एक सुंदर सण आहे. शाळूची कणसं, हळकुंडं, बेदाण्याची पुडी, गुळाची ढेप, पाय बांधलेली कोंबडी, उसाची मोळी असं सगळं वेदीपुढे मांडलेलं असतं. एखादी म्हातारी पदराखालून सहा गावरान अंडी आणते, आणि त्यातलं एक अंडं पाचशेला जातं तेव्हा सगळी मंडळी टाळ्या वाजवते.

बिघडतं ते पुढे. पाचशे देणाऱ्याचं नाव माईकवरून तीनदा घेतलं जातं, म्हातारीचं एकदाही नाही. तेवढं बदला: आणणाऱ्याचं नाव आधी, तितक्याच मोठ्याने. येशूने मंदिराच्या भांडारापाशी बसून श्रीमंतांच्या रकमा मोजल्या नाहीत, दोन नाणी टाकणारी विधवा शिष्यांना दाखवली. काही वस्तू बोलीविना ठरलेल्या लहान रकमेला ठेवा, म्हणजे मजूर बाईही गुळाचा खडा विकत घेऊन घरी नेईल.

एक गोष्ट मात्र ताबडतोब बंद करा. वार्षिक वर्गणी थकलेल्यांची यादी उपासनेत वाचणं. अंगठीवाल्याला बसायला पुढची जागा आणि मळक्या कपड्यांच्या माणसाला ‘तू तिथे उभा राहा’, यावर याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जे लिहिलं, ते यादी वाचणाऱ्याने आधी वाचावं.

११. शेजारी जत्रेचा प्रसाद आणून देतात. हळदीकुंकवाचं बोलावणं येतं. मंडळीत यावर दोन तट आहेत.

रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय याच प्रकारच्या वादावर आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय ८ ते १०) पौल म्हणतो की मूर्ती काहीच नाही हे खरं, पण माझ्या खाण्याने दुबळ्या भावाची विवेकबुद्धी दुखावत असेल तर मी खाणार नाही.

व्यवहारात असं: नुकतेच विश्वासात आलेल्या घराला प्रसाद नको वाटतो, कारण त्यांनी ते सगळं मोठी किंमत देऊन सोडलेलं असतं. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घराला तो शेजारधर्म वाटतो. दोघांनीही शेजाऱ्याचा अपमान होऊ देऊ नये. ‘ताई, आम्ही हा घेत नाही, पण आत या, चहा घ्या’ असं म्हटलं की नातं तुटत नाही. मंगळसूत्र आणि लग्नातली हळद यांनाही हेच लागू. काळ्या मण्यांत क्रूस घालणाऱ्या आपल्या आज्या-माम्या कमी विश्वासाच्या नव्हत्या.

१२. बायका सगळी कामं करतात, पण निर्णय पुरुष घेतात. हे वचनाला धरून आहे का?

सी.एन.आय.मध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, कमिटीवरही त्या निवडून येतात. तुमच्या मंडळीत तसं होत नसेल तर तो सवयीचा दोष आहे. काही इतर मंडळ्या वचनाचा वेगळा अर्थ लावून स्त्रियांना पाळक करत नाहीत, पण हिशेब आणि नियोजन यांतून त्यांना वगळायला तिथेही आधार नाही. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. तो वेगवेगळ्या चर्चच्या स्त्रिया मिळून चालवतात. पाट्यांपलीकडचं ऐक्य आपल्या गावात अनेकदा त्यांनीच आधी करून दाखवलेलं असतं.

१३. दोन घरांत भांडण आहे आणि अख्खी मंडळी दोन बाजूंना वाटली गेली आहे. मधे कोणी पडावं?

मत्तय १८ मधला क्रम पाळा: आधी दोघांतच, मग एकदोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. आपण हा क्रम उलटा करतो, पहिली तक्रार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. ग्रुपवर लिहिलेला शब्द परत घेता येत नाही, त्याचे स्क्रीनशॉट कराडपर्यंत पोहोचतात.

मध्यस्थ दोन्ही घरांना मान्य असावा आणि नातेवाईक नसावा. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींचं पटत नव्हतं. पौलाने दोघींना सारखीच विनंती केली, दोष कोणाचा हे पत्रात लिहिलं नाही आणि तिसऱ्याला त्यांना मदत करायला सांगितलं. मध्यस्थाने तेवढंच करावं.

१४. निवडणुकीनंतर गट पडले, हिशेब मिळत नाही. कोर्टात जाणं पाप आहे का?

विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचू नये असं पौल लिहितो (१ करिंथ, अध्याय ६). म्हणून आधी पाळक, मग डायोसीज (बिशपांच्या हाताखालचा विभाग) किंवा तुमच्या चर्चचं वरचं मंडळ. पण हिशेब मागणं म्हणजे भांडण नव्हे. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या दानाबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने स्वतः इतर माणसं सोबत घेतली होती (२ करिंथ, अध्याय ८). चर्चची मालमत्ता नोंदणीकृत ट्रस्टकडे असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. हिशेब तपासलेले असणं आणि विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट देणं ही कायद्याची सक्ती आहे. तिथे अर्ज करणारा मंडळीचा शत्रू ठरत नाही.

१५. मंडळीत गैरप्रकार झाला. ‘ऐक्यासाठी गप्प राहा, चर्चचं नाव जाईल’ असं सांगतात.

गप्प राहू नका. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकांवरही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. इथे प्रश्न १३ मधला ‘आधी दोघांत बोला’ हा क्रम लागू होत नाही. मुलाला आरोपीसमोर बसवून समेट घडवू नये. बाईला घरात मारहाण होत असेल तेव्हाही आधी तिची सुरक्षितता पाहा.

१६. काही जण वर्षानुवर्षं उपासनेला येतात पण बाप्तिस्मा घेत नाहीत. त्यांना आपलं म्हणायचं का?

माणूस म्हणून, भक्त म्हणून, नक्की. टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही शिष्य होते. प्रभुभोजन आणि कमिटीत मतदान यांना तुमच्या चर्चचे नियम लागू राहतील. ते नियम त्यांना एकांतात, आदराने सांगा. ताट पुढे गेल्यावर भर उपासनेत हात आडवा घालू नका. बाप्तिस्म्याची घाई करू नका, दबाव तर मुळीच नको. आजारपणात भेटायला जाताना, सुखदुःखात उभं राहताना हा फरक कुठेच दिसू नये.

१७. मला ही मंडळी सोडून दुसरीकडे जायचं आहे. ही फूट ठरेल का?

एकट्याने किंवा कुटुंबाने शांतपणे जाणं म्हणजे फूट नव्हे. आधी पाळकसाहेबांना भेटून कारण सांगा. ते प्रश्न १४ किंवा १५ मधलं असेल तर लेखी द्या. सभासदत्वाचा दाखला मागून घ्या, नव्या मंडळीत तो लागतो. दाखला अडवून ठेवणं ही वाईट प्रथा आहे, कमिटीने ती करू नये. ख्रिस्ती कब्रस्तानात तुमच्या घरची कबर असेल तर तिच्या नोंदीचं काय होईल ते जाण्याआधीच विचारून घ्या, नाहीतर तो वाद ऐन दुःखाच्या दिवशी उभा राहतो. आणि तुमच्याकडे असलेल्या चर्चच्या किल्ल्या, पावतीपुस्तकं, संडे स्कूलचं रजिस्टर दोन साक्षीदारांसमोर परत करून पोच घ्या.